सात घरचं लोखंड

कुदो तात्सुझो आले तेव्हा बर्फ गुडघाभर होतं.
सुपरमार्केटच्या पिशवीतून पेटी काढली,
काउंटरवर ठेवली. पणजीची, म्हणाले.
घर विकतोय. फेकवत नाही.

आमचं संग्रहालय म्हणजे तांदळाच्या जुन्या कोठाराच्या दोन खोल्या.
एकीत शेतीची अवजारं,
दुसरीत जे जे अंगाला लागलं ते:
दाईची कात्री, डाग द्यायच्या वाती,
लाकडात कोरलेली कवळी,
कुणाच्या तरी हिरड्यांचा आकार अजून धरून बसलेली,
आणि शिशाच्या पांढऱ्या लेपाची डबी,
जिचं झाकण मी कुणाला उघडू देत नाही.

पेटीत निघालं ते असं:
तळहाताएवढं तांब्याचं भांडं. पिसांची कुंचली.
कागदी पुडीत मायफळासारखी तुरट पूड,
अर्धी संपलेली,
आणि तळाशी, चिंध्यांत, बुटकं मडकं.

झाकण काढलं तशी इबुकीनं खिडकी उघडली,
बर्फ आत आलं तरी चालेल म्हणून.

दात काळे करायचं पाणी हे.
चहा, आंबलेला भात, लोखंड;
ओसरीखाली महिनोन्‌महिने.
नव्या नवरीनं पहिल्यांदा ते सात घरी मागायचं,
विरजण मागावं तसं,
सात घरच्या गंजाचा थेंब थेंब.

नोंदवहीत नाव, साहित्य, उंची, सद्यस्थिती.
वासाला रकाना नाही.

मडक्याच्या बुडाशी दगडासारखा गोळा.
फोडायचा तर धीर होईना.
मंगळवारी दुपारी दवाखाना बंद असतो;
डॉक्टर ओनोदेरांनी मडकं
माणसं छाती टेकतात तिथं उभं केलं
आणि सवयीनं म्हणाले, श्वास रोखा.

खिळे असतील असं वाटलं होतं.
सुया होत्या.
मी एकतीस मोजल्या, इबुकीनं एकोणतीस.
सगळ्या मोडलेल्या.

शिवायची ती, कुदो म्हणाले. गावाचे कपडे.
मोडकी सुई इथं टाकत नाहीत.
फेब्रुवारीत देवळात नेतात, मऊ टोफूत टोचून ठेवतात,
दमली बिचारी, आता पड म्हणतात.
ही कधी गेली नाही म्हणे.
घरचे समजत, देवाधर्माचा कंटाळा.

(फोटोतल्या सुया पांढऱ्या दिसत होत्या.
गेल्या वर्षी मी दात पांढरे करून घेतले,
समोरच्याच गल्लीत, बावीस हजार येन.
थंड पाणी अजून झिणझिण्या आणतं.)

मग अर्धी पूड?
मुलगा शाळेत हेडमास्तर झाला.
म्हणाला, आई, आता हे बंद.
ती भांडली नाही. मडकं तेवढं ओतलं नाही.
रंग कसा गेला असेल, ढलप्याढलप्यांनी की हळूहळू,
हे सांगणारं कुणी नाही.
कुदो सहा वर्षांचे होते ती गेली तेव्हा.
त्यांना आठवतो तो हात:
हसू आलं की तोंडावर जाणारा.
एकदा त्यांनी तो ओढून खाली केला होता,
आत काय लपवलंय बघू म्हणून.
काही नव्हतं.
म्हातारीचे चार दात, साधे, पिवळट.

फॉर्मवर ‘दाता’ या शब्दासमोर
त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, खोडलं,
तिचं लिहिलं. तोमे.
तोमे म्हणजे थांब.
पाचव्या मुलीचं नाव ठेवताना
देवाला घातलेली अट.

मला विचारायचं होतं,
ते सात घरचं पाणी कुणाकुणाच्या घरचं,
पण त्यांची बस होती.
पिशवी मात्र नीट घडी करून त्यांनी परत नेली.

सद्यस्थितीच्या रकान्यात मी लिहिलं: चांगली.
मग खाली, बारीक अक्षरात,
वास येतो.
मडक्याची चकती मात्र झाकण न लावताच बांधली,
इबुकी ओरडली तरी.